अकलोलीचं ऊन

भिवंडीत मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचो, आणि चांगलं शिकवतो याचा मला भलताच माज होता. एका पेशीच्या दोन होण्याआधी ती डीएनएची नक्कल करते, हे मी यंत्रमागावरून समजावायचो. निम्मी मुलं मागावरच्या कारागिरांचीच, त्यांना पटकन कळायचं. धागा तुटला की कारागीर माग थांबवतो, गाठ मारतो, मगच पुढचं विणतो. पेशीतही अशी दुरुस्ती सारखी चालू असते. ती झालीच नाही तर, असं एका मुलीने विचारलं. "मग चिंध्या!" म्हणून मी वर्ग हसवला.

नव्वदीची सुरुवात असेल. माझी मुलगी चार वर्षांची होती. तिच्या तोंडावर, हातांवर काळे ठिपके पसरत चालले होते, कातडी खरखरीत झाली होती. जो तो एकच सांगायचा, अकलोलीच्या गरम कुंडात न्हाऊ घाला. आमच्याकडे कातडीच्या कुठल्याही दुखण्यावर हेच औषध. वर्षभर दर रविवारी आम्ही तिघं एस.टी.ने अंबाडीवरून तिथे जात होतो. कुंडावरच्या एका म्हातारीने पहिल्याच दिवशी बजावलं, "पुसू नको मास्तर. पानी उन्हात अंगावरच सुकू दे. रडली तरी उठवायची न्हाय, न्हायतर गुन येनार न्हाय."

मुलगी डोळे गच्च मिटून किंचाळायची. बायको, म्हणजे माझ्या मामाचीच मुलगी, दर वेळी तिच्यावर पदर धरायला जायची. "हिला ऊन सोसत नाही हो," म्हणायची. मी पदर बाजूला ओढायचो. "सातवी शिकलेली तू, मला शिकवणार? ऊन हाडांना चांगलं असतं."

पुढच्या वर्षी नाकावर गाठ आली. मुंबईला नेलं, गाठ काढली, ती कॅन्सरची निघाली. उन्हाने डीएनए सगळ्यांचाच बिघडतो, डॉक्टर सांगत होते. बाकीच्यांच्या पेशी नक्कल करण्याआधी तो दुरुस्त करतात, हिच्या पेशींना ते जमत नाही. तुमचं लग्न नात्यातलं, एकच दोष दोघांकडूनही हिच्यात आला. आता दिवसा घराबाहेर काढू नका, तरी किती वर्षं मिळतील सांगता येत नाही. मी मान डोलावत होतो. यातलं बरंचसं मी वर्गात फळ्यावर लिहिलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. स्वतःची एवढी किळस मला कधीच आली नव्हती.

मग डॉक्टर बायकोकडे वळले. "बाई, हिला एवढं ऊन लागलंच कसं? पोर रडत असेल, आई असून तुम्हाला दिसलं नाही?"

बायकोने मान खाली घातली. माझा एक शब्द पुरला असता. मी चष्मा पुसत राहिलो.

नाकाला पट्टी लावलेली मुलगी स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "आईला नका ओरडू. ती पदर धरायची. बाबा माझे हात दाबून ठेवायचे."