नाव आठवेना तेव्हा

गोळी घेतली की दुखणं ओसरायचं, पण त्याच्यामागोमाग माझं डोकंही कुठेतरी निघून जायचं. गोळी टाळली तर कमरेतून उठणारी कळ मला माणसात राहू द्यायची नाही. यातलं देवाला काय हवं आहे ते मला समजत नव्हतं. खरं सांगायचं तर मी देवाकडे नक्की काय मागते आहे, हेही मला समजत नव्हतं. या गोष्टीला आता काही वर्षं झाली. घरोघरी मोबाईल फोन नुकते येऊ लागले होते, त्या सुमाराची ही गोष्ट. तरीही त्या गुरुवारचं लिहायला बसले की माझा क्रम चुकतो. आधी काय झालं, नंतर काय झालं, हे माझ्या यजमानांना विचारून घ्यावं लागतं, आणि यांनी सांगितलं तरी माझ्या मनात ते वेगळ्याच क्रमानं उभं राहतं. जसं आठवतं तसं लिहिते.

माझं माहेर बडोद्यातच, दांडिया बाजारात. लहानपणापासून तिथल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी जायची सवय. पुढे मुलाचं लग्न झालं, जागा अपुरी पडू लागली आणि आम्ही मांजलपूरला फ्लॅटमध्ये राहायला गेलो, पण गुरुवार सुटला नाही. मी मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवत असे. गुजराती माध्यमाची शाळा, त्यामुळे दिवसभर गुजराती बोलायचं आणि घरी आल्यावर मराठी, पण स्तोत्रं दोन्हीकडे तीच. पाठांतराचा मला अभिमान होता. कामं करता करता नामस्मरण चालू असायचं, त्यासाठी वेगळी बैठक लागत नसे. निवृत्तीनंतर स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, आणि सगळं मागे पडलं असं वाटत असतानाच पाठ दुखायला लागली. तपासण्या झाल्यावर कळलं की रोग मणक्यात आणि खुब्याच्या हाडात शिरला आहे.

हाडाचं दुखणं काय असतं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. कूस बदलताना, खोकताना, पाट घेऊन खाली बसताना आतून कुणीतरी पकडीनं पिरगळावं तसं व्हायचं. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. पहिल्या दिवशी दुखणं थांबलं तेव्हा मी अक्षरशः रडले, इतकं हलकं वाटलं. पण पुढे एकेक सुरू झालं. खाल्लेलं पोटात ठरेना. पोट साफ होणं बंद झालं, ते इतकं की त्याचंच दुखणं होऊन बसलं. दिवसा झापड यायची. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर मला मुंग्यांची रांग दिसायची आणि मी सुनेला, मृणालला, भिंत पुसायला सांगायची. ती बिचारी पुसायची. एकदा मी तिला माझ्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. तिनं ‘ओ’ दिली, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले, हे मला पुढे कळलं.

हे सगळं मी सोसलं असतं. पण एका सकाळी देवापुढे बसले आणि नाव आठवेना. दत्ताची तसबीर समोर होती, उदबत्ती लागलेली होती, हातात माळ होती, आणि या समोरच्याला काय म्हणून हाक मारायची तेच सुचेना. जी मी जन्मभर पोरींच्या उच्चारांच्या चुका काढत आले, तिला आपल्या देवाचं नाव आठवेना. मी पहिला मणी धरून तशीच बसून राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मृणालनं येऊन ‘आई, नास्ता करताय ना?’ असं विचारलं तेव्हा भान आलं.

त्या दिवसापासून मी गोळ्या बंद केल्या. घरात सांगूनच केल्या. हे फार चिडले. यांचं घराणं जुन्या बडोदे संस्थानच्या फौजेतल्या लोकांचं. देवाधर्माशी यांचा संबंध दिवाळीतल्या पूजेपुरता.

“अगं, दुखणं सोसून कुठलं पुण्य मिळणार आहे तुला? आणि तुझ्या देवाला ते चालतं?” यांनी विचारलं.

“चालतं की नाही ते मला माहीत नाही,” मी म्हटलं. “पण शेवटच्या वेळी तोंडात नाव नसलं तर मग मी इतकी वर्षं काय केलं?”

मला वाटलं आपण बरोबर बोललो. पण मनातून खात्री नव्हती. कधी वाटायचं ही परीक्षा आहे, देव बघतो आहे की मी सुख निवडते की त्याला. कधी वाटायचं, जो दयाळू आहे तो असली परीक्षा घेईलच का? आणि सर्वांत घोटाळ्याची गोष्ट अशी की गोळ्या बंद करूनही डोकं म्हणावं तसं निवळेना. मुंग्या अधूनमधून दिसायच्याच. घशाला सारखी कोरड पडायची, कितीही पाणी प्यायलं तरी तहान भागायची नाही. मी समजले, गोळीचा अंमल अजून उतरायचा आहे.

अशातच गुरुवार आला. मी हट्ट धरला की देवळात जायचं. मुलानं आणि मृणालनं समजावलं, पण मी ऐकलं नाही. शेवटी हे रिक्षा घेऊन आले. मांजलपूरपासून दांडिया बाजारापर्यंत रस्त्यातला प्रत्येक खड्डा माझ्या मणक्यानं मोजला. देवळाशी उतरले, यांनी रिक्षावाल्याला सोडून दिलं, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवताच अशी कळ आली की मी तिथेच बसले. पुढे जाता येईना, उठता येईना. आत घंटा वाजत होती, लोक माझ्या बाजूनं वर जात होते. हे घाबरले. “हलू नकोस, मी रिक्षा बघतो,” म्हणाले आणि रस्त्याकडे धावले. भर बाजाराची वेळ, गर्दीत रिक्षा थांबेना.

तेव्हा ती बाई माझ्याजवळ येऊन बसली. साधारण पंचेचाळिशीची, पिवळसर सुती साडी, खांद्याला ऑफिसात नेतात तसली पर्स. “बेन, शुं थाय छे? पाणी आपुं?” तिनं विचारलं, काय होतंय, पाणी देऊ का म्हणून. पर्समधली बाटली काढून तिनं मला पाणी पाजलं. ती काही देवळात आलेली नव्हती. तिच्या स्कूटरला पंक्चर झालं होतं, समोर दुरुस्तीला दिली होती, आणि ऊन लागतं म्हणून ती देवळाच्या सावलीत उभी होती. हे तिनंच सांगितलं. मी तिला सगळं सांगितलं. का सांगितलं, कसं सांगितलं, कोण जाणे. तिचं पुढचं बोलणं गुजरातीतच झालं, पण मला ते मराठीतच आठवतं.

ती म्हणाली, “माझ्या आईनंही असंच केलं होतं. तिला हाच रोग होता. गोळीनं ठाकोरजींचं नाव विसरायला होतं म्हणून तिनं गोळी सोडली. आम्हीही तिचं ऐकलं, म्हटलं श्रद्धेची गोष्ट आहे. पण बेन, शेवटी दुखणं इतकं वाढलं की ती नुसती ओरडायची. नाव तर त्यातही नव्हतंच. दुखण्यानं तिच्या तोंडचं नाव गोळीपेक्षा जास्त हिरावलं.”

मी बाटलीतून आणखी एक घोट घेतला.

“डॉक्टरला सांगितलंत का हे सगळं?” तिनं विचारलं. “उलटी, पोट, मुंग्या, विसरणं?”

“गोळी मानवत नाही एवढंच सांगितलं.”

“एवढ्यानं त्यांना काय कळणार? सगळं सांगा.” मग माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, “गोळी लीधे भगवान रिसाय नहीं, बेन.” गोळी घेतली म्हणून देव रुसत नाही.

मी म्हटलं, “पण मला नाव आठवत नाही.”

“कोणाचं घेता तुम्ही?”

मी देवळाच्या गाभाऱ्याकडे बोट दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, “मग आता मी घेते, तुम्ही ऐका.” आणि ती माझ्या कानाशी हळू आवाजात ‘गुरुदेव दत्त, गुरुदेव दत्त’ म्हणू लागली. तिच्या घरचे ठाकोरजी म्हणजे श्रीकृष्ण, पण म्हणत होती ती माझ्या देवाचं नाव. मी डोळे मिटले. कळ होती, ती गेली नाही. पण मी त्या कळेबरोबर एकटी नव्हते. त्या क्षणी मला कुठलाही प्रकाश दिसला नाही, अंगावर शहारा आला नाही. नुसता एका बाईचा आवाज येत होता, आणि आजवर मी घेतलेल्या सगळ्या नावांपेक्षा ते दुसरीनं घेतलेलं नाव मला जास्त आपलं वाटलं. असं का वाटलं, हे मला आजही उलगडलेलं नाही.

हे रिक्षा घेऊन आले तेव्हा ती उठली. ती यांना म्हणाली, “काका, घरी नका नेऊ. सरळ दवाखान्यात न्या. यांची जीभ बघा किती सुकली आहे. आणि त्या मला पुन्हा पुन्हा तेच विचारत आहेत, मी कोण म्हणून.” मला वाटत होतं मी एकदाच विचारलं. यांनी ऐकलं. आम्ही तिथूनच दवाखान्यात गेलो. रिक्षा वळली तेव्हा ती पर्स सावरत समोरच्या दुकानाकडे चालली होती. तिचं नाव मी विचारलं होतं, तिनं सांगितलंही होतं, असं हे म्हणतात. पण ते यांच्याही लक्षात राहिलं नाही.

दवाखान्यात मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, मला जमेना तिथे यांनी सांगितलं. त्यांनी लगेच रक्त तपासायला घेतलं. हाडातल्या रोगामुळे रक्तात कॅल्शियम फार वाढलं होतं. डॉक्टर यांना म्हणाले, “सगळा दोष गोळीचा नाही. तहान, उलट्या, हा गोंधळ, यात याचाही मोठा वाटा आहे. चांगलं झालं आज आणलंत. आणखी उशीर झाला असता तर त्या शुद्धीवर राहिल्या नसत्या.” मला दाखल करून घेतलं, सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली.

ते दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. एक तुकडा मात्र स्पष्ट आहे. हे खाटेशेजारी स्टुलावर बसले आहेत, चष्मा नाकावर घसरला आहे आणि हातात माझी माळ आहे. मृणालनं घरून आणून दिलेली. मी डोळे उघडल्यावर ते ओशाळून म्हणाले, “ती बाई तुझ्यासाठी म्हणत होती ना, म्हणून म्हटलं, आपणही म्हणावं. बरोबर चाललंय का माझं?” ते माळ उलट्या बाजूनं ओढत होते. मध्येच थांबून नर्सला सलाईन संपत आल्याचं सांगत होते आणि परत ‘गुरुदेव दत्त’ सुरू करत होते. मी म्हटलं, “बरोबर चाललंय.” चूक काढावी असं मनातसुद्धा आलं नाही.

हळूहळू डोकं निवळलं. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, पण आधी अगदी कमी, मग बेतानं वाढवत. सोबत पोट साफ राहण्याचं औषध रोजचं, आणि सुरुवातीला उलटीचंही. हाडाला किरणांचे उपचार दिले, त्यानं खुब्याचं दुखणं बरंच कमी झालं. मुंग्या गेल्या. झापड थोडी राहिली, तीही सवयीची झाली. रोग गेलेला नाही. तो जाणार नाही हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. पण मी आता कूस बदलू शकते, मृणालबरोबर बसून शाक चिरू शकते, आणि गुरुवारी, जमेल तेव्हा, त्या पायऱ्या चढते.

ती बाई पुन्हा दिसली नाही. मुलानं समोरच्या पंक्चरच्या दुकानात चौकशी केली, पण त्यांच्याकडे रोज कितीतरी स्कूटर येतात, त्यांना आठवेना. हे म्हणतात, “एक भली बाई होती, स्कूटर बिघडली म्हणून थांबली, तुझं नशीब.” मला ते पटतं. देवळातल्या ओळखीच्या बायका म्हणतात, “अहो, तुम्ही आत जाऊ शकला नाहीत, म्हणून दत्तमहाराजच बाहेर आले.” मला तेही पटतं. दोन्ही एकाच वेळी पटतं, आणि इथे माझा गोंधळ काही संपत नाही. पूर्वी असा गोंधळ मला सहन झाला नसता. आता वाटतं, माझं डोकं स्वच्छ असेल तरच देव माझ्यापर्यंत पोहोचेल, ही अट माझी होती, त्याची नव्हती. मी जे ओठांत घट्ट धरून ठेवू पाहत होते, ते माझ्या हातून सुटल्यावर एका अनोळखी बाईनं उचललं, मग ज्यांनी जन्मात माळ धरली नव्हती त्यांनी उचललं. नाव खाली पडलं नाही.

त्या बाईच्या आईला मी कधी पाहिलं नाही. तरी रोज देवापुढे बसल्यावर मी तिची आठवण काढते. तिनं जे सोसलं, त्यातून माझी सुटका झाली. त्याचं काय करायचं ते मला समजत नाही, म्हणून मी नुसता नमस्कार करते. नाव काही दिवस छान चालतं, काही दिवस दोनचार मण्यांतच झोप लागते. सकाळी ठरल्या वेळी हे पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन येतात. मी ती तळहातावर घेते, तिला डोक्याला लावते आणि गिळते. मग आजचा दिवस ज्याचा आहे त्याच्या स्वाधीन करून, जरा वेळ खिडकीशी बसते.