ओवीचे छापे

घरात लहान मूल आणि ॲक्रेलिक रंग एकत्र आले की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. ऑफिसात डबा खाताना मी नवीन किस्सा सुरू केला की मैत्रिणी म्हणतात, आधी कालचा पूर्ण कर. म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

ओवी माझी मुलगी, सात वर्षांची. गंगापूर रोडच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघींनी स्टेन्सिल पेंटिंग सुरू केलं. जाड कागदात आकार कापायचा, तो कॅनव्हासवर चिकटवायचा, वरून रंग द्यायचा. कागद उचलला की खाली चित्र! तो उचलायच्या वेळी आम्ही दोघीही श्वास रोखून बसतो. मी अडतीस वर्षांची आहे, तरीही.

* * *

पहिल्याच आठवड्यात आमचे कागद ओले होऊन फाटायला लागले. जुनी एक्स-रे फिल्म चांगली टिकते, असं कुणीतरी सांगितलं. कपाटात माझ्या नवऱ्याच्या, संदेशच्या छातीची फिल्म होती. तिच्यात मी ओवीला मोठं फुलपाखरू कापून दिलं. पंधरा फुलपाखरं उठली, एकसे एक. मग फिल्म पुसून मी पाकिटात होती तशी ठेवून दिली.

महिन्याभराने संदेशला खोकला झाला. डॉक्टरांनी मागची फिल्म मागितली आणि हा पाकीट उघडून न बघताच घेऊन गेला. डॉक्टरांनी फिल्म उजेडापुढे धरली, बराच वेळ बघितली आणि शांतपणे म्हणाले, "छाती अगदी मोकळी आहे."

* * *

माझे सासरे, आप्पा, विंचूरचे. कांदा मार्केटात गोण्यांवर व्यापाऱ्यांचे मार्के मारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पत्र्याचा साचा आणि काळा रंग. या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, पण उजवा हात गेला. उपचारांसाठी आम्ही त्यांना नाशिकला आणलं. तेव्हापासून ते कुणाशी बोलत नव्हते. काही विचारलं तर नुसती मान हलवायचे.

त्या दिवशी आमचा पोपट बिघडत होता. रंग साच्याखाली शिरायचा आणि पोपटाचं ढेमसं व्हायचं. चौथं ढेमसं झालं तेव्हा ओवी रडकुंडीला आली. इतक्यात खाटेवरून आवाज आला, "रंग लय झाला. ब्रश फडक्याला पूस. अन् ओढू नको, ठोक."

तीन आठवड्यांत ते एवढं पहिल्यांदाच बोलले होते. ओवीने ब्रश पुसला, ठोकला, साचा उचलला. चोच, शेपूट, कडा, सगळं स्वच्छ उमटलेलं. ती घरभर नाचली. मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि आप्पांच्या कपात एक चमचा साखर जास्त घातली.

* * *

मग अक्षरांचं वेड लागलं. ओवीने स्वतःचं नाव कापायला घेतलं, तर 'व'च्या पोटातला तुकडा गळून पडायचा. मध्ये बारीक पट्टी ठेवायची, हे आप्पांनी शिकवलं. नाव झकास कापलं गेलं. आनंदाच्या भरात बाईसाहेबांनी ते थेट दारावर छापलं, पण साचा उलटा धरून. आरशात दिसावं तसं नाव उमटलं आणि ओवीचं तोंड एवढंसं झालं.

समोरच्या शबानाभाभी ब्लाउज द्यायला आल्या होत्या. त्यांनी दाराकडे बघितलं आणि ओवीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सही तो है बेटा. अपन तो उर्दू उधर से ही पढ़ते हैं."

ते नाव अजून दारावर आहे.

* * *

आप्पा आपला उजवा हात कायम टॉवेलखाली ठेवायचे. आम्हीही कुणी त्या हाताचा विषय काढत नसू. एका रविवारी मी भाजी घेऊन आले, तर टॉवेल बाजूला पडलेला, आप्पांचा हात पाटावरच्या कागदावर पसरलेला आणि ओवी त्याच्याभोवती पेन्सिल फिरवत होती.

मी पिशवी तिथेच ठेवली. स्वतःचा हात का नाही घेतलास, असं मी तिला हळूच विचारलं. ती मोठ्याने म्हणाली, "माझा हलतो. आप्पांचा अजिबात हलत नाही, म्हणून रेघ मस्त येते."

आप्पांकडे बघायचा मला धीर झाला नाही. ते मात्र हात तसाच ठेवून बसले.

संध्याकाळपर्यंत कॅनव्हासवर पिवळे, निळे, जांभळे असे अकरा हात उमटले होते. तो आम्ही बैठकीच्या भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी विंचूरहून आप्पांचे जुने सोबती रामभाऊ आले. याआधी दोनदा आप्पांनी त्यांना भेटायचं टाळलं होतं. रामभाऊ चित्रासमोर थांबले आणि त्यांनी विचारलं, "कोणाचे हात हायेत हे?"

आप्पा खुर्चीतून उठले. डाव्या हाताने उजवा उचलला, भिंतीपाशी गेले आणि निळ्या हातावर तो नेमका बसवला.

"माझेच. मोजून घे," ते म्हणाले.