पथ्य कोण सोडवणार?

नव्व्याण्णव-दोन हजारच्या सुमाराची गोष्ट. किन्हवलीला आमचं घर, आणि शेजारच्या गावातल्या शाळेत मी तीनेक वर्षं बाई म्हणून शिकवत होते. त्या दिवशी हजेरी घेता घेता फळ्याखाली बसले ती उठलेच नाही... पोरांना वाटलं, बाई काहीतरी खेळ शिकवतायत.

आजारामुळे चक्कर आली असेल, असं कुणालाही वाटेल. पण आजार तेव्हा आटोक्यात होता. चक्कर आली ती उपासमारीने... आणि घरात भाताच्या कणग्या भरलेल्या होत्या.

थोडं मागे जाते. त्याच्या दोनेक वर्षं आधी मला संडासवाटे रक्त पडायला लागलं. दिवसातून दहा-दहा वेळा पळायचं, आणि शाळेत संडास नव्हता... लाजेपायी दोन महिने मी कुणाला बोलले नाही. आईच्या लक्षात आलं तोवर माझे कपडे अंगावर लोंबायला लागले होते.

मग सुरू झालं पथ्य. आमच्याकडे औषधाआधी पथ्य विचारतात. शेजारच्या काकूंनी वांगं बंद केलं, मुरबाडच्या मावशीने दूध-ताक, तालुक्याच्या डॉक्टरांनी तिखट-तेलकट. सगळ्यांचं निदान एकच, मूळव्याध.

शेवटी वैशाखरे गावात झाडपाल्याचं औषध देणारे एक बाबा होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डाळ, पालेभाजी, भाकरी, मासळी, उरलंसुरलं सगळंच काढून घेतलं आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले. माझ्या ताटात राहिली पेज आणि मऊ भात. आणि आमच्याकडे रीत अशी, की ज्याने पथ्य घातलं त्यानेच ते सोडवायचं.

बाबांच्या पुड्यांनी काही थांबलं नाही. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नळी घालून तपासलं तेव्हा खरं नाव कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची राखण करणारी फौज स्वतःच्याच आतड्यावर उठते, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी समजावलं. त्यांच्या गोळ्यांनी दोन-तीन महिन्यांत रक्त थांबलं... पेज मात्र चालूच राहिली. मधल्या काळात बाबा वारले.

चक्कर आल्यावर पुन्हा तेच हॉस्पिटल. आतडं छान भरून आलं होतं. मग ही अशी का वाळली, म्हणून डॉक्टरबाईंनी मला काय खातेस ते विचारलं. मी सांगितलं, आणि त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, आजार उसळला होता तेव्हा पेज ठीक होती. आता तुझ्याबरोबर आतड्यातले चांगले जंतूही उपाशी आहेत. भाकरी, डाळ, भाजी यांतला चोथा हे त्यांचं जेवण, आणि ते नीट जगले तर ती फौज शांत राहायला मदत होते. एकेक पदार्थ थोडा थोडा सुरू कर, गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत. आई मान हलवत सगळं ऐकत होती... मला वाटलं, सुटले बाई.

घरी आलो. ताटात पेज.

माझं डोकंच फिरलं. ताट सरकवलं, नको नको ते बोलले. आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबांनी घातलेलं पथ्य हाय. ते ऱ्हायले नाय, आता मी कुनाला विचारू? तुजं रगात मी धुतलंय गो."

मी सरकवलेलं ताट उचलून आत ठेवलं. पेज खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने पिशवीत नारळ घातला आणि चल म्हणाली. मुरबाडला गाडी बदलून वैशाखऱ्याला उतरलो. बाबांची बायको ओटीवर सुकट निवडत बसली होती. आईने नारळ पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, मुंबईच्या गोळ्यांचंसुद्धा. ते सांगताना तिची मान खाली होती. तेव्हा मला उमगलं... बाबांचं औषध सोडून हॉस्पिटल धरलं, या लाजेने ती त्यांच्याकडे परत गेलीच नव्हती.

म्हातारीने माझं मनगट हातात घेऊन निरखलं. "आमचे बाबा पंधरा दिसांचंच पथ्य सांगायचे," ती म्हणाली. "मंग मानूस परत यायचा, हितंच जेवायचा, पथ्य सुटायचं. तुमीच आल्या नाय."

पंधरा दिवसांचं पथ्य मी दीड वर्ष पाळत होते. हसावं की रडावं कळेना...

ती आत जाऊन नाचणीची भाकरी आणि मुगाचं वरण घेऊन आली, दोन ताटल्यांत. मी डॉक्टरबाईंचं ऐकून भाकरीचा अगदी छोटा तुकडा मोडला आणि वरणात कुस्करला. आईने मात्र आपली ताटली बाजूला सारली. "आधी हिचं सुटू दे. मंग माजं."

"तुजं कसलं?" म्हातारीने विचारलं.

आईने हात वर करून पदर सारखा केला. ती कायम सगळ्यांच्या मागून जेवायची, तिच्या ताटात काय असतं ते मी कधी बघितलंच नव्हतं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरत होत्या, तेसुद्धा मला त्या ओटीवर पहिल्यांदा दिसलं. मी पेजेवरून हिला वाट्टेल ते बोलले होते... आणि ही माझ्यासोबत पेजच खात होती.

कुस्करलेला तो पहिला घास मी तिला भरवला. मग स्वतः खाल्ला. रडू आवरलं नाही, आवरायचा प्रयत्नही केला नाही.

पुढे एकेक करून सगळं परत आलं. भाकरी, वरण, दुधी, मग मासळी. वांगं मात्र मला आजही झेपत नाही, त्याचा नाद सोडला. गोळ्या चालू आहेत. आजार कधीमधी डोकं वर काढतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून पेजेवर येते आणि निवळला की परत भाकरीवर.

आता कुणा डॉक्टरांनी पथ्य सांगितलं की ते कधी सोडायचं, हे मी तिथेच विचारून घेते. आणि घरी आल्यावर आधी बघते, माझ्याबरोबर आणखी कोण पाळतंय...