रत्नव्वाचा हौद

मंगळवार पेठेत रत्नव्वाइतकं नेटकं घर दुसरं नव्हतं. नवरा गुरुपाद तंबाखूच्या व्यापारापायी कायम फिरतीवर. घरात ती आणि धाकटी नणंद गौराबाई. नळाचा भरवसा नसल्यानं परसात दगडी हौद बांधलेला. त्याचं पाणी इतकं नितळ की तळ दिसावा.

त्रेपन्न सालच्या पावसाळ्यात दीर शिवानंद कलकत्त्याहून आला, तो ताप घेऊनच.

"वैनी, हाडं मुसळानं कुटल्यागत दुखाय लागल्यात."

रत्नव्वानं त्याला हौदालगतच्या सोप्यात, गार हवेला निजवला. आठवड्याभरात तो उठून बसला. पण पंधरा दिवसांत शेजारची धोंडुबाई आडवी झाली, मग तिच्या पलीकडची माणसं, मग सगळी गल्ली. असला ताप पेठेत कुणी बघितला नव्हता.

शेवटी गौराबाई पडली. चौथ्या दिवशी ताप उतरला, तसं हिरड्यांतून रक्त यायला लागलं. "अक्का, नीरु," म्हणत ती सारखं पाणी मागायची आणि रत्नव्वा हौदातलंच पाणी पाजायची. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली.

नंतर राजारामपुरीतले डॉक्टर आले. त्यांनी पांढरी वाटी हौदात बुडवून उजेडात धरली. आत बारीक अळ्या वळवळत होत्या.

"बाई, हा डास गटारात होत नाही, असल्या स्वच्छ पाण्यातच होतो. दिवसा चावतो. आजारी माणसाचा ताप त्यानंच गल्लीभर नेला."

शिवानंद कपाळ बडवून घ्यायला लागला. "म्या आलोच नसतो तर!"

"तुला तितं निजवला कुनी?" रत्नव्वा एवढंच म्हणाली.

तिनं हौद मातीनं बुजवला. मग दर सोमवारी ती घरोघरी जाऊन रांजण पालथे घालायला लागली. धोंडुबाई कडाडली, "पानी भरून कंबर मोडतीया आमची, आन तू वतून देतीस व्हय?"

"वतू दे. मी भरून देतो की."

आणि खरंच नळावर उभी राहून ती घागरी वाहायची. बायका तिला येडी म्हणायच्या, तरी रांजण पुढं करायच्या.

पुढचे दोन पावसाळे तो ताप गल्लीत फिरकला नाही. रत्नव्वाला त्याचं सुख लागलं नाही. भर दुपारी कानाशी भुणभुण झाली की ती हातातलं काम टाकून गौराबाईच्या रिकाम्या खोलीत जायची आणि अंधारे कोपरे पदरानं झाडत राहायची.