अंगणातलं दोराचं मशीन

आमचे हे निवृत्त झाले तेव्हा मी मनाची तयारी केली होती. माणूस आता घरात बसणार, भाजीत मीठ कमी की जास्त ते सांगणार, पंखा कोणी चालू ठेवला म्हणून विचारत फिरणार. मी स्वतः प्राथमिक शाळेत पोरांना वळण लावून निवृत्त झालेली, एक नवरा मला काही जड नव्हता. पण ह्यांनी भलतंच काढलं, आणि नाशिक रोडच्या आमच्या रो-हाउसचं पुढचं अंगण काही वर्षं माझं राहिलं नाही.

हे पाटबंधारे खात्यात कालव्याची माती उपसायचं मशीन चालवायचे. आता रस्त्यावर दिसतात ती पोकलेन तेलाच्या दाबावर चालतात. ह्यांचं मशीन त्या पोकलेनच्या आजोबांच्या वयाचं. त्याचं सगळं काम तारेच्या जाड दोरांवर. पुढे जाळीदार लांबलचक लोखंडी हात, म्हणजे बूम, आणि तिच्या टोकावरून लोंबणारी दातेरी बादली. एक दोर बादली वर उचलायचा, दुसरा तिला मातीतून मशीनकडे ओढत आणायचा. आत बसलेला माणूस दोन हातांत दोन दांडे आणि पायाखाली दोन ब्रेक घेऊन हा सगळा पसारा नाचवायचा.

लग्नानंतर ह्यांनी मला एकदा ते दाखवायला कालव्यावर नेलं होतं. मी चांदवडची, घाटमाथ्यावरचा चिखल मला नवा. काठावर नवी चप्पल सांभाळत उभी राहिले. ह्यांनी गाळाने भरलेली बादली उचलली, अर्धी फिरवली आणि माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर अशी टेकवली की चपलेवर शिंतोडा उडाला नाही. मी तेव्हाच भाळले. तोंडाने मात्र म्हटलं, “चला आता, गाडी चुकेल.”

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ह्यांचा खात्यातला एक जुना सोबती बाजारात भेटला. इगतपुरीकडच्या यार्डात गंजत पडलेलं ते मशीन भंगारात निघालंय, आता कापायला येतील, असं त्याने सांगितलं. हे घरी आले, जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी शिवणाची टेप मागितली.

“कशाला?”

“मशीन मोजायचंय. चल, दुसरं टोक धराया कुनी पायजे.”

श्रावणातली झड लागली होती. छत्री मानेत धरून मी टेपचं टोक धरायची आणि हे दुसऱ्या टोकाला. मशीन ज्यांवर चालायचं त्या लोखंडी पट्ट्यांतून गवत वर आलं होतं. आतल्या सीटचा पत्रा तेवढा राहिला होता, त्यावर हे थोडा वेळ बसले. मी घाई केली नाही. परतताना एस.टी.त विचारलं, “आता?”

“आता बनवायचं.”

“काय?”

“ह्येच. आठव्या हिश्शानं.”

मला वाटलं, शोकेसमध्ये मावेल असं काहीतरी असेल. आठवा हिस्सा म्हणजे किती हे गणिताच्या बाईला कळायला हवं होतं. बूम धरून ते आमच्या दिवाणाएवढं झालं.

जुन्या कूलरच्या पत्र्यातून त्याचं घर झालं. मोडक्या छत्र्यांच्या काड्या जोडून बूमची जाळी झाली. त्यासाठी ह्यांनी कॉलनीत छत्री मोडायची वाट पाहिली असेल. पट्ट्यांना सायकलच्या चेन, मोटर आमच्या बंद पडलेल्या वॉशिंग मशीनची. मागे वजन हवं म्हणून माझा लोखंडी खलबत्ता गेला. माझी पोह्यांची कढई गेली, तिची बादली झाली, आणि करवतीच्या पात्याचे तुकडे घासून तिला दात लावले. दोर मात्र जमेना. सायकलच्या ब्रेकची केबल फार ताठ, दोर गुंडाळायच्या रिळावर बसेना. मग भद्रकालीच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात बारीक, मऊ तारेचा दोर मिळाला तेव्हा घरात साखरभात झाला. मी करवादत होते खरी, पण करवादायला समोर एवढा रमलेला माणूस असणं हे सुखच होतं. ते मला तेव्हाही कळत होतं.

हाताचं पहिल्यांदा लक्षात आलं ते शेजाऱ्यांच्या. ते नोटांच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले, उभा जन्म नोटांच्या कागदात गेलेला. हे गप्पा मारत बसले की ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर आपोआप घासत राहायचा. शेजारी म्हणाले, “काय हो, प्रेसमध्ये मी होतो आणि नोटा तुम्ही मोजताय!” सगळे हसलो. काही महिन्यांनी रिव्हेट बसवताना ह्यांचा हात असा हलला की हातोडी बोटावर बसली. मग डॉक्टर, मग ते नाव: कंपवात. गोळ्यांनी सावरेल, थांबणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या दिवसापासून शेजाऱ्यांनी ती थट्टा केली नाही.

आणि त्या दिवसापासून ह्यांनी घाई सुरू केली. हे कधी नाटकी बोलणारे नव्हते. फक्त एकदा, बूमला रंग देताना म्हणाले, “एक बादली भरायची हाय मला. माझ्या हातानं. हात हायेत तवर.” मी रंगाचा डबा धरून उभी होते. माझा देव, माझे उपास, सगळं त्यानंतर त्या एका बादलीसाठीच चाललं होतं.

पुण्याहून मुलगी आली तेव्हा म्हणाली, “बाबा, रिमोट लावू या ना. बटणं दाबायची फक्त. हाताचा प्रश्नच नाही.” हे तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, “बटनानं काय कळनार, बाळ?” तिला ते हट्टीपणाचं वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

दिवाळीनंतर मशीन पूर्ण झालं. अंगणात कढीपत्त्याच्या झाडाजवळ ह्यांनी काळी माती आणून भिजवून ठेवली होती. नारळ फोडला. मोटर सुरू झाली, रीळ फिरलं आणि मशीनच्या बाजूला स्टुलावर बसून ह्यांनी उचलायचा उजवा दांडा ओढला. हात थरथरला की दांडा थरथरायचा. दांडा थरथरला की रिळाला आवळणारा आतला पट्टा धरायचा, सुटायचा, पुन्हा धरायचा. बादली हिसके खात वर चढली, बूमवर आपटली आणि सगळी माती सांडली. पुन्हा केलं. पुन्हा सांडली. तिसऱ्यांदा ह्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, तर बादली ओढायचा डावा दांडा धरायला हात उरला नाही. ह्यांनी मोटर बंद केली, पाय धुतले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी पान वाढलं ते तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी बळेच ह्यांना बाहेर आणलं. म्हटलं, “दोर रिळावर नीट गुंडाळला जात नाहीये, म्हणून हिसके बसतात. मी मागे बसून बघते.” मशीनच्या मागे रीळ होतं. तिथून उचलायचा दोर निघून वर बूमच्या टोकाला जायचा आणि मधे तो हातभर उघडा होता. मी पाटावर बसले, बोटांना चिंधी गुंडाळली आणि दोर चिमटीत धरला. ह्यांनी दांडा ओढला. हिसका आला की मी चिमूट आवळायची, दोर पुढे पळू द्यायची नाही. मग हळूच सैल करायची. शाळेत पोराच्या मुठीवर मूठ ठेवून अ, आ गिरवून घ्यावं तसंच. बादली भरली. वर आली, डुलली, पण सांडली नाही. फिरून पलीकडे गेली आणि ढिगावर रिकामी झाली.

ह्यांनी मागे वळून पाहिलं नाही. “जमलं की,” एवढंच म्हणाले.

त्या हिवाळ्यात रोज सकाळी ऊन अंगणात आलं की आम्ही मशीन चालवायचो. हे पुढे, मी मागे. कढीपत्त्यापासून नळापर्यंत ह्यांनी छोटा कालवा खणला. शाळेत जाणारी पोरं फाटकावर लोंबकळायची. शेजारी खुर्ची घेऊन यायचे आणि प्रत्येक बादलीला टाळ्या वाजवायचे. “वहिनी, तुम्ही मागे काय करता?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मालकांची देखरेख.” माझी बोटं तारेने चिरली होती, कणीक मळताना झोंबायची. पण हे रात्री पोटभर जेवत होते. सकाळी माझ्याआधी उठून मशीनला तेल देत होते. मी चांगलीच खूष होते. ह्यांना कळलेलं नाही असं मी धरून चालले होते, आणि कळू द्यायचं नाही, एवढाच माझा ध्यास होता.

उन्हाळा लागता लागता ह्यांचा हात आणखी बिघडला. आता मला दोन्ही हातांनी दोर धरावा लागायचा. एका सकाळी चिंधी सरकली, तार करंगळीत रुतली आणि मी ओठ दाबून तशीच धरून राहिले. ह्यांनी बादली अर्ध्यावर थांबवली, खाली टेकवली आणि मोटर बंद केली.

“दोर सोड,” हे म्हणाले.

“कुठला दोर? मी आपली रीळ बघतेय.”

“सोड. बोट कापलंय तुझं.”

हे पुढे तोंड करून बसलेले, मी पाठीमागे. ह्यांना दिसणं शक्यच नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

“अगं, दोराचं मशीन हाय ह्ये. दोराच्या टोकाला जे होतं ते सगळं दांड्यात येतं. पान्याखाली बादली गेली का मला दिसायचं थोडंच? दगड लागला का मूळ, हाताला कळायचं. मंग तुझी बोटं कळनार नाय?”

“कधीपासून कळतंय?”

“पयल्या दिवसापासून.”

“मग एवढे दिवस गप्प का बसलात?”

“तुला बरं वाटत व्हतं,” हे म्हणाले. मग दांड्यावरची माती पुसत म्हणाले, “मलाबी.”

मला एकदम लाज वाटली, या वयात. एवढ्या वर्षांच्या संसारात चारचौघांत आम्ही एकमेकांचा हात धरलेला मला आठवत नाही. देवळातसुद्धा मी दोन पावलं मागे. आणि अख्खा हिवाळा, कॉलनीच्या देखत, ह्यांच्या मुठीत माझी बोटं होती. मला ते ठाऊक नव्हतं, ह्यांना होतं.

मी हळद लावून बाहेर आले तेव्हा हे तिथेच बसले होते. म्हणाले, “आता पुढं येऊन बस. एक बादली मला एकट्याला भरू दे. सांडली तरी चालंल. मागं जाऊ नको.”

मला जायचं होतं मागे. खरंच सांगते, पाय तिकडेच वळत होते. पण मी नळाजवळच्या ओट्यावर जाऊन बसले आणि हात मांडीखाली दाबून धरले. ह्यांनी मोटर लावली. बादली मातीत फरपटली, कलंडली, पुन्हा सरळ झाली. वर येताना तिने इतके हिसके खाल्ले की माती चारी बाजूंना उडाली, माझ्या लुगड्यावर उडाली. ढिगापर्यंत पोचेस्तोवर आत मूठभर उरली असेल. ती ह्यांनी ओतली. घामाने सदरा भिजला होता.

“ही माझी,” हे म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “ही तुमचीच.”

त्यानंतर ह्यांनी मशीन चालवलं नाही. मी एकदोनदा विचारलं, तर मान हलवली. पुढे हात गेले, मग चाल, मग आवाज इतका बारीक झाला की कान तोंडाशी न्यावा लागे. मी भरवायची. माझा हात घासासकट ह्यांच्या ओठांशी गेला की हे डोळे मिटून घ्यायचे. त्यानंतरच्या दुसऱ्या थंडीत हे गेले.

आता मुलगी म्हणते, आई, मशीन एखाद्या कॉलेजला देऊन टाकू, मुलं बघतील, इथे गंजून जाईल. तिचं बरोबर आहे. कॉलेजचे लोक टेम्पो घेऊन येणार त्याच्या आदल्या सकाळी मी वरचं प्लास्टिक काढलं, रिळाला तेल दिलं आणि ह्यांच्या जागेवर बसले. माती कडक झाली होती, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मोटर लावली. दांडा ओढला, बादलीचे दात मातीत शिरले आणि ते मला तळव्यात कळलं. एक बारीक खडा लागला, तोही कळला. हे म्हणाले होते त्यात काही वाढवून सांगितलेलं नव्हतं.

मग मी उचलायचा दांडा ओढला. माझे हात अजून थरथरत नाहीत. बादली सरळ वर आली, एक हिसका नाही, एक कण सांडला नाही. मी दांडा धरून बसून राहिले. दोरात बादलीचं वजन तेवढं येत होतं, आणखी कोणीच नव्हतं.