निलगिरीच्या बाटलीचा शिंपला

बांद्याहून लग्न होऊन मी देवबागला आले तेव्हा सातवी पास होते, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते. मिठाची पुडी ज्या वर्तमानपत्रात बांधून यायची, तो कागदही वाचून झाल्याशिवाय मी चुलीत घालत नसे. माझ्या सासूला, म्हणजे आयेला, या वाचनाचा भारी राग. तिला अक्षरओळख नव्हती आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. आमच्या वाडीतली सगळी बाळं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली होती. कुठे बाळंतीण झाली की आयेला बोलावणं यायचंच. ती पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर घ्यायची, टाळू भरायची, हातपाय चोळायची, आणि तेवढा वेळ त्या घरात तिचंच राज्य असायचं. त्या हातांमुळे वाडीत तिला जो मान होता तो खोतालाही नसावा.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीचा हिवाळा होता आणि माझा मुलगा चार महिन्यांचा होता. नवरा मुंबईला गोदीत कामाला. त्याने आगबोटीने येणाऱ्या कुणाच्या तरी हाती निलगिरी तेलाची बाटली पाठवली. हिवाळ्यात आयेची छाती भरून यायची, तिला चोळायला म्हणून. बाटलीसोबत एक छापील कागद होता. 'फक्त वरून लावण्यासाठी. विस्तवाजवळ नेऊ नये. लहान मुलांपासून दूर ठेवावे.' मी तो आयेला मोठ्याने वाचून दाखवला.

“तेल काय वाचून लावतत गो?” ती म्हणाली. “माझा नाक आसा मा!”

बाटलीचं बूच प्रवासात कुजून गेलं होतं आणि तेल पाझरत होतं. म्हणून मी ते मालवणच्या दवाखान्यातल्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. आमचं खोबरेलही तसल्याच बाटलीत असायचं, अगदी त्याच आकाराच्या. पण मी हुशार ना! भाताची खळ लावून चिठ्ठी डकवली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'निलगिरी'. लहान मुलांपासून दूर ठेवा असं सांगणारा कागद जपून ट्रंकेत ठेवला आणि तेल ठेवलं न्हाणीजवळच्या फळीवर, खोबरेलाच्या शेजारी. चिठ्ठी वाचणारी घरात मी एकटीच, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आज सांगतानाही लाज वाटते.

आयेची नजर अधू होत चालली होती. ती कबूल करत नव्हती, पण फळीवरची बाटली उचलली की आधी नाकाशी न्यायची आणि मग तळहातावर ओतायची. ते कधी चुकत नसे. पण त्या आठवड्यात तिला पडसं झालं. चार दिवस छातीला निलगिरी चोळून घेतल्यामुळे सगळं घर त्याच वासाने भरून गेलं होतं, आणि तिचं नाक तर पार बंद.

माझा मुलगा आंघोळीला रोज गळा काढून रडायचा. त्या सकाळी मी मागल्या दारी पाणी तापवत होते, आणि त्याचं रडणं मधेच थांबलं. कापल्यासारखं थांबलं. मी आत धावले. आयेने त्याची टाळू भरली होती आणि तेलाचं बोट त्याच्या नाकाशी नेलं होतं. बाळाचं तोंड उघडं, श्वास अडकलेला, ओठ काळसर. आयेच्या हातावरून तेल पाण्यासारखं ओघळत होतं. थंडीच्या सकाळी आमचं खोबरेल थिजून घट्ट व्हायचं, असं ओघळायचं नाही.

मी बाळाला उचललं आणि अंगणातल्या वाऱ्यात नेलं. कोरड्या कापडाने त्याचं नाक, तोंड, टाळू पुसली. एक घुसमट, दुसरी घुसमट, आणि मग तो खोकला आणि भोकाड पसरलं. तसलं गोड भोकाड मी जन्मात ऐकलेलं नाही. मग साबणाने त्याचं डोकं दोनदा धुतलं. तेवढ्यात शेजारीण धुरी द्यायला म्हणून निखारे आणि ओवा घेऊन धावत आली. तिला तेव्हा आठवा महिना होता.

“आग नको! परत न्हे ती!” मी अशी ओरडले की ती जागच्या जागी थिजली. तो छापील कागद निदान तेवढ्यापुरता तरी कामाला आला.

शेजाऱ्याने होडी लोटली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने आम्ही मालवण गाठलं. जाताना आयेने ती बाटली पदरात धरली होती. “माका कायच वास येणा नाय गो,” एवढंच ती पुन्हापुन्हा पुटपुटत होती. डॉक्टरांनी बाळाची छाती तपासली, दुपारपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं आणि मग धोका टळल्याचं सांगितलं.

“तान्ह्या मुलाच्या नाकातोंडाशी हे तेल कधीही न्यायचं नाही,” ते म्हणाले. “श्वास कोंडतो. वाऱ्यात नेलंत, पुसून धुतलंत, हे बरोबर केलंत. आणि एक लक्षात ठेवा. पोटात गेलं, तर मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरतं. बाटली घेऊन सरळ इथे यायचं.” मग त्यांनी बाटली उलटीपालटी करून पाहिली. “ही तर आमची औषधाची बाटली. यात हे कोणी भरलं?”

मी खाली मान घातली.

“घरात भरला, डॉक्टरांनू,” आये म्हणाली. “चूक झाली.”

कोणी भरलं ते तिने सांगितलं नाही. तिथे नाही आणि नंतर वाडीतही नाही. म्हातारीला दिसत नाही, उद्या कुणाचं तरी पोर मारील, असं बायका तिच्या तोंडावर बोलल्या. शेजारणीने स्पष्टच सांगून टाकलं, माझ्या पोराला आयेचा हात नको. आयेने ते सगळं ऐकून घेतलं. “मी आता खंयच्याच पोराक हात लावचंय नाय,” म्हणाली आणि पडवीत बसून लोकांची फाटकी जाळी सांधू लागली. माझ्या बाळाला काही झालं नव्हतं, पण तिचे हात माझ्यामुळे गेले होते, आणि मी ते सांगत नव्हते. एवढी तोंडाळ मी, आणि मूग गिळून गप्प!

एकदा मी तिच्याशी बोलत बसले होते. तिचं तोंड माझ्याकडे, आणि बोटं मात्र जाळ्यातून चालत होती. फाटका भाग आला की थांबत, सुई घालत, गाठ मारत, पुढे जात. हातभर जाळं सांधून झालं तरी तिने एकदाही खाली पाहिलं नाही. मी उठलेच. मागल्या दारी कालवणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग पडलेला असायचा. त्यातला एक घेतला, खिळ्याने भोक पाडलं, जाळ्याच्या सुतात ओवला. निलगिरी तिच्या मूळ बाटलीत परत भरली, नवं बूच लावलं आणि बाळाला वर्ज्य याची खूण म्हणून शिंपला त्या बाटलीच्या गळ्यात बांधला. रॉकेलच्या बाटलीलाही एक बांधला. निलगिरीचा मुक्काम माझ्या ट्रंकेत, कुलपात. खोबरेलाच्या बाटलीवर मात्र चिठ्ठी डकवलीच. सवय जाते कुठे?

“माका पोर समजलंस काय?” आये फणकारली. पण तिचा अंगठा त्या शिंपल्यावरून फिरत राहिला.

शेजारीण बाळंत झाली. दहा दिवसांचं ते पोर सकाळ-संध्याकाळ किंचाळायचं, कारण चोळणारीला चोळताच येत नव्हतं. अकराव्या दिवशी मी माझ्या मुलाला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने आयेला ओढत त्यांच्या अंगणात नेलं आणि जमलेल्या बायकांसमोर बोलले.

“ता तेल दुसऱ्या बाटलेत मी भरलंय. मी! आयेन माझा नाव काढल्यान नाय.”

आयेने माझा दंड चिमटला, सोडला नाही.

“ता खरा,” शेजारीण म्हणाली. “पण तिका दिसणा नाय, त्याचा काय?”

“डोळे बांध तिचे. नाकात कापूस घाल. आणि घराघरातल्या बाटल्ये हाड.”

बायकांना गंमतच हवी होती. आठ बाटल्या जमल्या. दोघींनी मिळून तीन बाटल्यांना शिंपले बांधले आणि सगळ्या पुन्हापुन्हा मिसळल्या. एकीने तर लबाडी करून शिंपला बाटलीच्या मागे चिकटवून धरला. आये एकेका बाटलीच्या गळ्याभोवती अंगठा फिरवत गेली. “ह्या नको. ह्या चलात. ह्या नको. आणि हय कोणाचा तरी बोट आसा, ता काढ गो, लबाड!” आठही बरोबर. अंगणात जो हशा उसळला, त्यात शेजारणीची सासूसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती.

शेजारणीने मात्र मलाच पकडलं. “तू तुझो झील देतलंस काय तिच्या पायार?”

मी तिथेच पाट मांडला. आये बसली, पाय पसरले, आणि मी माझं बाळ तिच्या पायांवर ठेवलं. तिचे हात मांडीवरच राहिले. बाळाने तिच्याकडे बघून लाथा झाडल्या तसे ते पुढे आले. तिने जमलेल्या बाटल्यांतली आमची खोबरेलाची बाटली घेतली, गळ्याभोवती अंगठा फिरवला. शिंपला नव्हता. आता ओतणार म्हणून सगळ्या वाकल्या, तर तिने बाटली माझ्यापुढे धरली.

“वाच गो,” ती म्हणाली. “काय लिवलाला आसा?”

मी वाचलं. सातवी पासचा सगळा जोर लावून, खाडीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचलं, “खोबरेल!”

आयेने ओंजळभर तेल घेतलं. माझ्या बाळाची एक बाजू चोळून होते न होते, तोच शेजारीण आपलं अकरा दिवसांचं पोर घेऊन तिच्यापुढे येऊन बसली होती.