चुन्याखाली गेलेली वेल

लोक नेवाशाला देवदर्शनासाठी जातात. मी नगरहून निघालो तो एक भिंत बघायला. तिथल्या एका पाद्रीणबाईंच्या बंगल्यात भिंतीला चिकटवलेला विलायती कागद आमच्या हातमागांच्या मालकांनी पूर्वी कधीतरी पाहिला होता आणि त्यावरची वेल त्यांच्या डोक्यात बसली होती. लग्नसराईच्या लुगड्यांना तोच काठ हवा, नाहीतर सोलापूरचा नक्षीवाला आणतो, असं त्यांनी मला बजावलं. बावीस वर्षं मी त्यांच्या लुगड्यांच्या काठांची नक्षी काढत होतो. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

लढाई संपली तरी पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटार कोळशाच्या गॅसवरच चालत होती. घोडेगावच्या चहावाल्याने आधी मला तोंड धुवायला पाणी दिलं, मग चहा.

बंगल्याचं दार तिथे कामाला असलेल्या राहेलबाईंनी उघडलं. पाद्रीणबाई मायदेशी गेल्यापासून घर त्यांच्याच हवाली होतं. मी आत पाऊल टाकलं. चारी भिंती पांढऱ्याफेक, चुना अजून ओला.

"कागद कुठाय?" मी विचारलं.

"खरवडला की. नाताळ आला, चुना नको व्हय द्यायला? आन् पिठाच्या खळीला कसर लागल्ती, समदा कुजला हुता."

त्यांनी भाकरी आणि वांग्याचं भरीत पुढे केलं. घासागणिक मी माझं रडगाणं सांगितलं. ऐकून त्या आत गेल्या आणि एक वाकळ, म्हणजे गोधडी, घेऊन आल्या.

"वीस वरीस झाडली ती भित. खरवडायच्या आदी उतरून घेतली."

तांबड्या दोऱ्याने अख्खी वेल टाचली होती, तीही कापडाचे धागे मोजून. त्यामुळे प्रत्येक वळण पायऱ्यापायऱ्यांनी चढत होतं. मागावर वळण असंच उतरवावं लागतं. ते चौकडीच्या कागदावर बसवायला मला महिना लागतो. खरं सांगतो, थोडा हेवाही वाटला.

पानांमध्ये लोंबणारे घोस काही ओळखू येईनात. मी विचारलं.

"द्राक्षं जमंनात मला. मंग जोंधळ्याची कणसं घातली."

वाकळ लेकीच्या बाळंतपणासाठी होती, ती काही मिळणार नव्हती. दिवस मावळेपर्यंत मी चौकडीच्या कागदावर नक्षी उतरवून घेतली. बदल्यात त्यांनी एवढंच मागितलं, की लुगडं झालं की दाखवा.

परतताना इमामपूरच्या घाटात मोटारीचा दम गेला. आम्ही सगळे उतरून तिच्यामागून चढलो.

नगरला मालकांनी माझा कागद बघायला चष्मा लावला आणि बोट नेमकं कणसावर ठेवलं. "असलं फळ सुचायला विलायतेतलंच डोकं लागतं," ते म्हणाले. गप्प राहिलो असतो तर काम शाबूत होतं. पण मला राहवलं नाही.

"मालक, जोंधळा आहे तो. नेवाशाच्या राहेलबाईंचा."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, मागावर चढवा, पण नक्षी कुणाची ते दुकानात बोलू नका.

पहिलं लुगडं मी स्वतः नेवाशाला नेलं. राहेलबाईंनी ते मांडीवर घेतलं आणि काठावरून सावकाश बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

"हितं एक पान चुकलंय तुमचं."

परतीच्या मोटारीत मी माझा चौकडीचा कागद उघडून त्या पानाची घरं मोजली. नगर येईस्तोवर तीनदा मोजली. चुकलं होतं.